पहिली दुर्बीण कोणती घ्यावी?

गेल्या काही वर्षांत शाळेच्या माजी विद्यार्थ्यांकडून एक प्रश्न आम्हांस वरचेवर विचारला जातो: वसतिगृहातील मुलांसाठी पक्षी पाहण्याची दुर्बीण भेट द्यावयाची आहे, कोणती घ्यावी? काही पालकांनीही हेच विचारले आहे. सुटीत घरी आलेले मूल केळीच्या बागेच्या कडेला उभे राहून तासन्‌तास झाडांकडे पाहत राहते आणि मग दुर्बिणीचा हट्ट धरते, असे ते सांगतात. प्रत्येकास वेगवेगळे उत्तर देण्यापेक्षा स्मरणिकेच्या निमित्ताने एकदाच सविस्तर लिहावे, म्हणून हा लेख. आम्ही प्रकाशशास्त्राचे जाणकार नाही. मुलांना घेऊन यावलच्या परिसरात आणि सातपुड्याच्या पायथ्याशी हिंडताना, आणि त्याआधी एकदा चांगलेच फसल्यावर जे शिकलो, तेवढेच येथे मांडीत आहोत.

फसल्याची गोष्ट आधीच सांगून टाकतो. शाळेची पहिली दुर्बीण आम्ही एका यात्रेतल्या दुकानातून आणली. तिच्यावर ठळक अक्षरांत २०×५० असे छापलेले होते, भिंगे माणकासारखी लालबुंद चमकत होती, आणि दुकानदाराने दूरच्या देवळाचा कळस दाखवून आमची खात्री पटविली होती. कळस हालत नाही, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही. हिवाळ्यातल्या एका सकाळी वंदना आटोपून आम्ही मुलांना शेताच्या बांधावर नेले. विजेच्या तारेवर नीलपंख बसला होता. दुर्बीण हातोहात फिरली. कोणाला नुसते आभाळ दिसले, कोणाला कडुनिंबाची फांदी, कोणाला थरथरणारा एक निळसर ठिपका. तार सापडेपर्यंत पक्षी उडून गेलेला असे. पाड्यावरून शिकावयास आलेला सहावीतला एक मुलगा म्हणाला, "सर, साध्या डोळ्यांनीच चांगला दिसत होता." त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते, आणि ते खरे का होते हे शोधता शोधता आम्हांला दुर्बीण कळू लागली.

दुर्बिणीवर जे दोन आकडे असतात त्यांपैकी पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो. ८ हा आकडा असेल, तर ८० मीटरवरचा पक्षी १० मीटरवर असल्यासारखा दिसतो. साहजिकच प्रत्येकास वाटते की ८ पेक्षा १२ बरे आणि १२ पेक्षा २० बरे. बाजारातले सगळे फसवे गणित याच समजुतीवर चालते. पट वाढली की पक्षी मोठा दिसतो हे खरे, परंतु त्याबरोबर आपल्या हाताचा कंपही तितक्याच पटीने मोठा होतो. वीसपट दुर्बिणीत हाताचा बारीकसा थरकाप भूकंपासारखा दिसतो. तिला तिपाई लागते, आणि तिपाई लावीपर्यंत कोणता पक्षी थांबणार?

याहूनही मोठी अडचण दृष्टिक्षेत्राची. दुर्बिणीतून एका वेळी जेवढी रुंदी दिसते तिला दृष्टिक्षेत्र म्हणतात. ती बहुधा १००० मीटर अंतरावर किती मीटर, अशी दुर्बिणीवर किंवा तिच्या माहितीपत्रकात लिहिलेली असते. आठपटीच्या चांगल्या दुर्बिणीत ती साधारण १३० मीटर असते, दहापटीत १०० ते ११५ च्या आसपास, तर वीसपटीत ५५-६० एवढीच. हे आपल्या शेताच्या मापात आणून पाहू. वीस मीटरवरच्या बाभळीत सातभाईंचा थवा आहे. आठपट दुर्बिणीत बाभळीचा अडीच मीटरांहून अधिक रुंद भाग एका दमात दिसेल. म्हणजे जवळजवळ सगळी फांदी, तिच्यावरचे चार-पाच पक्षी आणि त्यांची धावपळ. वीसपट दुर्बिणीत दिसेल एक मीटरभर झाड, आणि त्या मीटरात पक्षी असेलच असे नाही. पहिल्यांदाच दुर्बीण हाती घेणाऱ्या मुलाची खरी परीक्षा पक्षी मोठा दिसण्यात नसते, तो सापडण्यात असते. नीलपंख आमच्या मुलांना मिळाला नाही तो यामुळे.

म्हणून पहिली दुर्बीण आठपट असावी, सातपट असली तरी चालेल. दहाच्या पुढे मुळीच जाऊ नये. दहापटीचे समर्थन आम्ही एकाच ठिकाणी करू, ते म्हणजे हतनूर धरणाचे पाणी. तापी-पूर्णेच्या संगमाजवळच्या त्या विस्तीर्ण जलाशयावर हिवाळ्यात बदके काठापासून खूप आत बसतात. तलवार बदकाची टोकदार शेपटी आणि थापट्याची पसरट चोच तेथे दहापटीत अधिक स्पष्ट कळते. परंतु हात स्थिर असलेल्या मोठ्या माणसाने ती घ्यावी. झाडीत, बागेत, मनुदेवीच्या वाटेवर किंवा पालच्या जंगलात आठपटच कामी येते.

दुसरा आकडा पुढच्या मोठ्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. भिंग मोठे असले की प्रकाश अधिक आत येतो. मात्र तो आकडा एकटा पाहून उपयोग नाही. त्याला पहिल्या आकड्याने भागावे. ८×४२ मध्ये ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. आमच्या यात्रेतल्या दुर्बिणीत ५० भागिले २०, म्हणजे अवघे अडीच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशझोताची ही जाडी आहे. भर उन्हात आपल्या डोळ्याची बाहुली आकसून दोन-तीन मिलिमीटरची होते, तेव्हा अडीचही पुरते. परंतु पक्षी हिंडतात पहाटे आणि सांजवेळी. त्या मंद उजेडात तरुण डोळ्याची बाहुली सहा-सात मिलिमीटरपर्यंत फाकते, आणि अडीच मिलिमीटरचा झोत तिला अपुरा पडतो. दाट पानांतला हळद्यासुद्धा काळवंडलेला दिसतो. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणींचेही तेच होते. चार ते सव्वापाच हे उत्तर देणाऱ्या ८×३२, ८×४० आणि ८×४२ या मापांत सहसा फसगत होत नाही. सैनिकी आणि सागरी कामासाठी गाजलेली ७×५० जोडी याहूनही उजळ असते, पण ती वजनदार असते. दिवसभर गळ्यात वागविणे मुलांना झेपत नाही.

भिंगांच्या लाल लेपाविषयी येथेच सांगितलेले बरे, कारण त्याच्या चकाकीला आम्हीही भुललो होतो. लेप लाल दिसतो याचा अर्थ लाल प्रकाश भिंगावरून परत फिरतो, आत जात नाही. अशा दुर्बिणीत सारे जग किंचित हिरवट दिसते आणि तांबटाच्या कपाळावरचा लाल टिळा फिका पडतो. चांगल्या भिंगावरचा लेप तिरका धरला असता मंद हिरवा किंवा जांभळा दिसतो आणि त्यात आपला चेहरा अंधूकच दिसतो. माहितीपत्रकात "फुली मल्टिकोटेड" हे शब्द असतील तर सर्व भिंगांच्या पृष्ठांवर अनेक पदरी लेप आहे, असे समजावे. नुसते "कोटेड" म्हटले असेल तर एखाद्याच पृष्ठावर लेप असू शकतो.

एवढे सगळे तपशील कशासाठी, असे कोणी विचारील. त्यांना आम्ही आपल्याच सातपुड्यातल्या एका पक्ष्याची हकीकत सांगतो.

रानपिंगळा हा वीतभर उंचीचा घुबडाच्या कुळातला पक्षी. १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यांना मिळालेला नमुना आजच्या छत्तीसगडातला होता. पुढे खानदेशात नेमणुकीस असलेले सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी १८८० च्या दशकात शहादा भागात त्याचे काही नमुने गोळा केले. १८८४ नंतर तो कोणाला मिळाला नाही. १९१४ मध्ये गुजरातेत मिळाल्याचा दावा रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या इंग्रज अधिकाऱ्याने केला होता. कित्येक दशकांनंतर त्या नमुन्याची बारकाईने तपासणी झाली, तेव्हा तो डेव्हिडसनचाच जुना नमुना चोरून, पुन्हा भरून, नवा म्हणून दाखविलेला निघाला. ही लबाडी उघड करण्यात पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञ अग्रभागी होत्या. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोध कोठे घ्यावा हे स्पष्ट झाले, आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, तेव्हा धुळे जिल्ह्यात असलेल्या शहाद्याजवळच्या जंगलात, रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना तो जिवंत दिसला. ११३ वर्षांनी! यावलच्या अभयारण्यातूनही पुढे त्याच्या नोंदी झाल्या. १९६९ मध्ये घोषित झालेले, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य आपल्या शाळेच्या गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरांतच आहे.

आता मुद्दा असा की साधा पिंगळाही याच परिसरात राहतो. गावातल्या जुन्या कडुनिंबांच्या ढोलीत तो सर्रास आढळतो. दोघांचा आकार जवळपास सारखा. त्यांतला फरक कशात? साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट असतात, रानपिंगळ्याचे डोके जवळजवळ कोरे असते. रानपिंगळ्याच्या छातीवर गडद तपकिरी पट्टा, खाली पांढरे पोट, पाय जाडजूड आणि पांढऱ्या पिसांनी झाकलेले, शेपटीवर रुंद आडवे पट्टे. तो दिवसाही उघड्यावर बसून शिकार शोधतो, हीही एक खूण. मात्र साधा पिंगळाही अधूनमधून दिवसा बाहेर असतो, म्हणून एकट्या तेवढ्यावर विसंबता येत नाही. चाळीस मीटरवर, सागाच्या फांदीवर, सकाळच्या कोवळ्या उन्हात बसलेल्या पक्ष्याच्या डोक्यावर ठिपके आहेत की नाहीत, एवढ्यावर सारा निर्णय. थरथरणाऱ्या वीसपट दुर्बिणीत ते ठिपके एकमेकांत मिसळून जातात. हाती स्थिर राहणाऱ्या, उजळ, आठपट दुर्बिणीत ते मोजता येतात. पक्षी मोठा दिसणे आणि पक्षी ओळखू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्हांला या पिंगळ्यांनी शिकविले. (विणीच्या काळात त्याच्या ढोलीपाशी घोटाळू नये, आणि त्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नये, हे मुलांना आम्ही आधीच बजावून ठेवतो.)

दुर्बिणीच्या आत लोलक असतात. ते नसते तर चित्र उलटे दिसले असते. लोलकांच्या मांडणीवरून दुर्बिणींचे दोन प्रकार पडतात. १८५४ साली इग्नाझिओ पोरो या इटालियन गृहस्थाने योजिलेली मांडणी पोरो म्हणून ओळखली जाते. तीत पुढची भिंगे मागच्या भिंगांपेक्षा रुंद अंतरावर असतात, म्हणजे जुन्या चित्रपटांतल्या सेनापतीच्या हाती असते तशी खांदे रुंद असलेली दुर्बीण. दुसऱ्या प्रकारात नळ्या सरळ असतात; तिला रूफ म्हणतात. ती सुटसुटीत, हलकी आणि बहुधा जलरोधक असते, परंतु तिचे लोलक घडविणे अवघड आणि त्यांना खास लेप लागतो. तो वगळून स्वस्त केलेली रूफ दुर्बीण धूसर दिसते. म्हणून पैसे मोजके असतील तर पोरो घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. निकॉन, ऑलिंपस यांसारख्या नावाजलेल्या कंपन्यांच्या ८×४० किंवा ८×४२ पोरो दुर्बिणी अलीकडच्या काळात साधारण सहा ते दहा हजार रुपयांत मिळत आल्या आहेत. बारा-पंधरा हजारांपर्यंत गेल्यास बरी जलरोधक रूफ मिळते. स्वारोव्स्की, झाइस, लायका यांच्या दुर्बिणी लाखाच्या घरात आणि त्याही पलीकडे जातात. त्या उत्तमच असतात, पण त्या किमतीत शाळेचा एक वर्गच्या वर्ग दुर्बीणधारी होईल.

दोन हजारांच्या आत मिळणाऱ्या, "रात्रीही दिसते" किंवा "दहा ते शंभर पट" अशी जाहिरात करणाऱ्या दुर्बिणींपासून दूर राहावे. पट कमीजास्त करता येणाऱ्या दुर्बिणीत दृष्टिक्षेत्र अरुंद होते आणि थोड्याच दिवसांत दोन नळ्या एका रेषेत राहत नाहीत.

मुलांसाठी घेताना एक गोष्ट दुकानदार सांगत नाही आणि बहुतेक दात्यांच्याही लक्षात येत नाही. दुर्बीण मोठ्यांच्या चेहऱ्याच्या मापाने केलेली असते. दोन नळ्या मधल्या बिजागरीवर मिटवून आपल्या डोळ्यांच्या अंतराला जुळवायच्या असतात; पण कित्येक पोरो दुर्बिणी ५६ मिलिमीटरच्या, काही तर ६० मिलिमीटरच्या आत मिटतच नाहीत. दहा-अकरा वर्षांच्या मुलाच्या बाहुल्यांमधील अंतर पुष्कळदा त्याहून कमी असते. असे मूल एकच डोळा लावून पाहते, किंवा त्याला दोन अर्धवट वर्तुळे आणि मध्ये काळोख दिसतो. ते तक्रार करीत नाही. "दिसलं" म्हणते आणि दुर्बीण पुढच्याच्या हाती देते. आमच्या डोळ्यांसमोर हे वर्षभर होत होते, आणि आम्ही समजत होतो की मुलांना गोडी नाही. तेव्हा माहितीपत्रकात डोळ्यांमधील अंतराचा आकडा पाहावा, त्याचे खालचे टोक जितके कमी तितके बरे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी ६×३० किंवा ८×३० ची लहान, हलकी जोडी मोठ्या ८×४२ पेक्षा अधिक उपयोगी पडते. शक्य असल्यास ज्याच्यासाठी घ्यायची त्या मुलालाच दुकानात न्यावे.

चष्मा असणाऱ्यांसाठीही असेच आहे. मागच्या भिंगापासून डोळा किती दूर ठेवता येतो तो आकडा १५ मिलिमीटर किंवा अधिक असावा, आणि रबरी कप दुमडता किंवा आत फिरविता यावेत. नाहीतर चष्म्यातून पाहताना चित्राचा मधलाच तुकडा दिसतो.

दुकानात चार गोष्टी कराव्यात. दुर्बीण हातभर दूर धरून मागच्या भिंगांकडे पाहावे: उजेडाची दोन स्वच्छ वर्तुळे दिसली पाहिजेत, कडा चौकोनी वा करड्या दिसल्या तर लोलक हलक्या प्रतीचे आहेत. दुकानाबाहेर येऊन आभाळाच्या पार्श्वभूमीवर विजेची तार पाहावी. तिच्या दोन्ही कडांना जांभळी-पिवळी किनार फार दिसू नये आणि एकाच्या दोन तारा तर मुळीच दिसू नयेत. दोन तारा दिसल्या तर ती जोडी किमतीत कितीही सूट असली तरी परत करावी. तिने पाच मिनिटांत डोके दुखू लागते. शेवटी फोकसचे चाक पुन्हा पुन्हा फिरवून पाहावे. ते एका बोटाने, न अडखळता फिरले पाहिजे.

आणलेली दुर्बीण डोळ्यांना जुळवून घेणे राहून जाते. बहुतेकांचे दोन डोळे सारख्या नंबराचे नसतात. उजव्या बाजूचे पुढचे भिंग हाताने झाकून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्यास एखादी पाटी स्पष्ट करावी. मग डावे झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाजवळची कडी फिरवून तीच पाटी स्पष्ट करावी. कडीवरची खूण लक्षात ठेवावी. वसतिगृहात एक दुर्बीण दहा जण वापरतात, म्हणून प्रत्येकाने आपली खूण वहीत लिहून ठेवण्याची आमची पद्धत आहे. पक्षी शोधताना नजर त्याच्यावरून ढळू द्यायची नाही. नजर तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत वर आणायची. मुलांना हे आम्ही आधी पाण्याच्या टाकीवर, मग घारीच्या घरट्यावर आणि शेवटी वेड्या राघूवर शिकवितो. आणि दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही, क्षणभरही पाहू द्यायचे नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो. हा नियम मोडणाऱ्याकडून दुर्बीण परत घेतली जाते.

खानदेशचा उन्हाळा दुर्बिणीला सोसत नाही. मे महिन्यात बंद गाडीच्या काचेखाली ठेवलेल्या जोडीचे रबर चिकट झालेले आम्ही पाहिले आहे. धूळ रुमालाने पुसू नये, वाळूच्या कणांनी भिंगावर ओरखडे पडतात. आधी मऊ ब्रशने किंवा फुंकणीने झटकावी, मग स्वच्छ मऊ कापडाने हलकेच पुसावे. पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते. त्यासाठी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून दुर्बीण ठेवावी आणि ऊन पडेल तेव्हा डबा उघडून हवा द्यावी.

पैसे उरल्यास सोबत पुस्तक घ्यावे. मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' आणि १९४१ मध्ये प्रथम निघालेले सालिम अली यांचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक, दोन्ही आपल्या ग्रंथालयात आहेत; एकेकच प्रत असल्याने ती नेहमी कोणाच्या तरी खोलीत असते.

सध्या शाळेकडे ८×४० ची एक पोरो जोडी आणि लहान मुलांसाठी ६×३० ची एक जोडी आहे. निरीक्षणास जाणारी मुले तीसएक आहेत. देणगी म्हणून दुर्बीण पाठविणाऱ्यांनी ती विकत घेण्यापूर्वी आम्हांस माप आणि डोळ्यांमधील अंतराचा आकडा कळवावा, एवढी विनंती. यात्रेतली २०×५० अजून कपाटात आहे. तिपाईवर बसवून रात्री चंद्रावरची विवरे दाखविण्यास ती चांगली चालते.